पाच नावांची चिठ्ठी

“आलेली चिठ्ठी वाचायची. कोणी टाकली, कोणासाठी टाकली, ते आपण बघायचं नाही. नाव वगळलंस तर त्याचं पाप लिहिणाऱ्याला नाही लागत, वाचणाऱ्याला लागतं.” सासूबाईंचा आवाज शेवटच्या वर्षी पार बसला होता, तरी एवढं त्यांनी खाटेवर उठून बसून सांगितलं आणि स्टीलचा तो डबा माधवीच्या मांडीवर ठेवला. त्याला आता बारा वर्षं झाली. बारा वर्षांतल्या सगळ्या एकादश्या तिनं केल्या. अंगात ताप असताना, नवऱ्याचं दिवसपाणी नुकतं आटोपलेलं असताना, लॉकडाऊनमध्ये तर देवघरासमोर एकटीनं बसून. नाव वगळलं नव्हतं. विठ्ठलवाडी स्टेशनाकडून कॅम्प चारला जाताना जे लहानसं दत्तमंदिर लागतं, तिथं बायकांचा हरिपाठ झाला की डबा उघडायचा. चिठ्ठीवर नाव, वय आणि एका शब्दात कारण: आजारी, परगावी, गेले. माधवीनं नाव वाचायचं आणि पंचवीसतीस बायकांनी एका सुरात म्हणायचं, राम कृष्ण हरी. ही रीत इंदुबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, दोन हजार पाचच्या पुरानंतर घातलेली. वालधुनी नदी घरांत शिरली तेव्हा गल्लीतली काही माणसं सापडलीच नाहीत. ज्यांचा देह नाही त्यांचे दिवस कसे घालायचे, ह्यावर भटजीही घुटमळले, तेव्हा इंदुबाई म्हणाल्या, नाव तर आहे ना, नाव घेऊ. त्या वेळी एका वेल्डरच्या भावाचं नाव आलं होतं, रहीम म्हणून. त्यालाही राम कृष्ण हरी म्हटलं गेलं. वेल्डर मंदिराच्या पायरीशी चपला हातात धरून उभा होता. कोणी काही बोललं नव्हतं. निदान माधवीला आठवत होतं ते असं.

भाद्रपदातल्या त्या एकादशीला गल्लीत गणपती बसलेले होते. मंडळाचा मंडप मंदिराला लागूनच, आणि आरतीसाठी पोरांनी मंदिराचा माईक मंडपाच्या चार भोंग्यांना जोडून ठेवलेला. तो सोडवायचं कोणाच्या लक्षात राहिलं नाही. बारा वर्षं जो आवाज सतरंजीच्या पलीकडं गेला नव्हता, तो त्या संध्याकाळी जीन्सच्या कारखान्यांवरून, वडापावच्या गाड्यांवरून थेट रिक्षास्टँडपर्यंत जात होता आणि माधवीला त्याचा पत्ता नव्हता. अठरावी की एकोणिसावी चिठ्ठी असेल. वहीचा रेघांचा कागद, निळं पेन, गोल अक्षर. वर कारण लिहिलेलं, लढाईत गेले. तिला वाटलं, जवान असतील. ‘योनातन, वय एकवीस.’ ख्रिश्चन असेल, अंबरनाथकडं पुष्कळ वस्ती आहे. राम कृष्ण हरी. ‘यूसुफ, वय सात.’ राम कृष्ण हरी. सात हा आकडा तिच्या डोळ्यांनी वाचला, पण मनानं सदतीस करून घेतला, असं तिला मागाहून वाटलं. ‘सलमा, वय चार.’ राम कृष्ण हरी. ‘हनान, वय नऊ महिने.’ आणि तिथं ती थांबली. चष्म्याखालून तिनं वरची ओळ पुन्हा पाहिली. लढाईत गेले. खाली पाहिलं. नऊ महिने. दोन्ही एकाच अक्षरातलं, एकाच पेनातलं. समोरच्या बायका तिच्या तोंडाकडं बघत होत्या. त्यांनी नाव ऐकलं होतं, त्या म्हणून मोकळ्या झाल्या, आणि मागच्या रांगेतली सखू नेहमीप्रमाणं सगळ्यांच्या नंतर एकटीच म्हणाली, राम कृष्ण हरी. शेवटच्या ओळीत नाव नव्हतं. ‘नाव कळलं नाही. हनानची बहीण.’ तिनं तेही वाचलं. आलेली चिठ्ठी वाचायची. मग पुढची चिठ्ठी कोणाच्या तरी गुडघ्याच्या ऑपरेशनची होती.

घरी येऊन तिनं हातपाय धुतले, देवापाशी दिवा सारखा केला, फराळाचं पान वाढून घेतलं आणि वऱ्याच्या तांदळात हात तसाच राहिला. नऊ महिन्यांचा असताना तिचा सुयोग पालथा पडून पुढं सरकायला बघायचा, मागंच जायचा, आणि मागं जातोय म्हणून रडायचा. खालचे दोन दात आलेले. त्या दोन दातांनी त्यानं तिच्या खांद्याला असा चावा घेतला होता की चार दिवस वळ होता; ती तो वळ आरशात बघायची, हसायची. एवढ्याशा जिवाच्या नावापुढं लढाई हा शब्द बसत नव्हता. आजार बसला असता. अपघात बसला असता, देवाची करणी म्हणून तोंडात साखर घालून गप्प बसवता आलं असतं मनाला. पण लढाईला तर दोन बाजू लागतात, हा जीव कोणत्या बाजूनं उभा होता? उभा तरी राहता येत होतं का त्याला? तिला त्या रात्री एवढंच सुचलं, आणि हे सुचणं म्हणजे राजकारण आहे असं कोणी म्हणेल हे तिच्या स्वप्नातही नव्हतं.

सकाळी ती तुळशीला पाणी घालून आत आली तर सुयोग मोबाईल घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभा. पस्तीस वर्षांचा मुलगा, अंबरनाथच्या औषधाच्या कारखान्यात सुपरवायझर, पण चेहरा बारावीत नापास झाला होता तेव्हासारखा. “आई, काल काय वाचलंस तू?” गल्लीतल्या सनीनं व्हिडिओ काढला होता, भोंग्याखाली उभं राहून, मंडपाचं लायटिंग दिसेल असा. त्यात योनातन नव्हताच, सनीनं मोबाईल काढेपर्यंत तो होऊन गेलेला. चारच नावं होती. बेचाळीस सेकंद. कोणीतरी ती नावं इस्रायलच्या लढाईत मेलेल्या पोरांच्या यादीशी जुळवली होती. सुयोग खाली लिहिलेलं वाचत होता आणि मध्येच गाळत होता. तो काय गाळतोय ते त्याच्या कपाळावर कळत होतं. देवळात अतिरेक्यांच्या पोरांची पूजा. म्हातारीला डोकं नाय काय? अरे पोरं ती, पोरांना कसला धर्म. मग तिकडच्या सातशे आठशे लोकांना मारलं तेव्हा कुठं होते तुम्ही? तेव्हा बाराशे होते, आकडा तरी नीट लिही. आणि आता किती झाले तो आकडा लिहितोस का? एकानं लिहिलं होतं, आमच्या मुलांच्या नावापुढं रामाचं नाव लावायला तुम्हाला कोणी सांगितलं, त्यांना त्यांच्या दुव्यासोबत जाऊ द्या. हे वाचून सुयोग थांबला. माधवीला त्या सगळ्यांत तेवढंच एक खरं टोचलं. हा विचार तिला आला नव्हता. तिच्याजवळ जे होतं ते तिनं दिलं. ते घेणाऱ्याला चालेल का, हे विचारायला हवं होतं. पण विचारायचं कोणाला? नऊ महिन्यांना?

दोन दिवसांनी ती दळण घेऊन चंदरच्या गिरणीत गेली. गिरणीच्या आवाजात माणसं आधीच ओरडून बोलतात, त्यामुळं भांडतायत की बोलतायत ते कळत नाही. “काश्मिरात आपल्या डोंबिवलीच्या माणसांना धर्म विचारून गोळ्या घातल्या, विसरला काय तू?” एकजण म्हणत होता. “त्याचा ह्या पोरांशी काय संबंध? ते कुठं, हे कुठं!” चंदर पट्ट्यावर थाप मारत म्हणाला. “सगळे एकच.” “एकच असते तर पीठ पण एकच दळलं असतं, ज्वारीच्या मागनं गहू टाकून.” कोणीतरी हसलं. कोपऱ्यात स्टुलावर होतचंद बसले होते, कापडवाले, ऐंशीला टेकलेले, फाळणीनंतरच्या निर्वासितांच्या इथल्या बरॅकमध्येच जन्मलेले. ते माधवीला बघून बोलायचे थांबले नाहीत, उलट तिच्याकडंच वळले. “माधवीबेन, तुमचा रिस्पेक्ट आहे. पर एक बात बताओ. हमारे दादाजी वहीं सिंध में रह गये, उनका नाम किसने पढा? हम भी तो कॅम्प में ही पैदा हुए. कोई रोया?” गिरणी तेवढ्यात बंद झाली आणि ‘कोई रोया’ हे दोन शब्द सगळ्या रस्त्यानं ऐकले. तुम्ही चिठ्ठी टाकली असतीत तर वाचलं असतं, असं तिच्या ओठावर आलं. पण म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी होतं, रागाचं की कशाचं कोण जाणे, आणि पाणी असलेल्या माणसाला उत्तर देऊ नये. तिनं दळणाचा डबा उचलला. गरम पिठाची ऊब पोटाशी धरून ती घरापर्यंत आली आणि पीठ चाळायचं सोडून खिडकीत बसून राहिली.

तिला रघुदादा आठवत होता. तिचं माहेर बदलापूरच्या पलीकडच्या गावात, आणि रघुदादा हा भाऊ तिच्याहून तीन वर्षांनी मोठा, फौजेत गेलेला. सत्त्याऐंशी साली त्यांना लंकेत पाठवलं, शांतिसेना म्हणून. गावानं ढोल वाजवून निरोप दिला, रावणाच्या देशात चाललास रे, असं म्हाताऱ्या म्हणाल्या. परत आला तो सगळं जेवायचा, सगळ्यांशी बोलायचा, फक्त घराच्या भिंतीला टेकून बसायचा नाही. ओट्यावर मधोमध बसायचा. पुढं दारूनं खाल्लं त्याला, चोपन्नाव्या वर्षी गेला. पण जाण्याआधी एका दुपारी, अगदी शुद्धीत, पेरू कापत कापत त्यानं सांगितलं होतं. तिकडं एका घरात त्यांची तुकडी तीन आठवडे राहिली. घरातली माणसं पळून गेलेली. त्यांच्याच चटईवर निजायचं, त्यांच्याच दाराची फळकुटं चुलीत घालायची. “आम्ही शांतता करायला गेलो होतो बरं का माधे,” तो म्हणाला, “आणि लोक आम्हाला बघून दारं लावायचे. आपलं गाव असतं आणि कोणी असं येऊन बसलं असतं, तर मी काय केलं असतं?” त्या घराच्या भिंतीवर पेन्सिलीनं रेघा मारलेल्या होत्या, पोरांची उंची मोजतात तशा. तीन रेघा, प्रत्येकीपुढं नाव. नाव तामिळमध्ये. “रोज निजताना बघायचो. वाचता आली नाहीत. एक पोर तर एवढंच होतं, माझ्या गुडघ्याएवढं.” मग काय झालं घराचं, असं तिनं विचारलं तेव्हा तो बराच वेळ पेरूच्या बिया काढत राहिला. “पाडलं. आतून गोळी येऊ नये म्हणून. आम्हीच.” आणि मग हसल्यासारखं करून म्हणाला, “तू डब्यातली नावं वाचतेस ना? त्या तिघांची वाच की एकदा.” “नावं काय सांगू दादा?” “तेच तर,” तो म्हणाला. त्या एकादशीला तिनं मनातल्या मनात ‘तीन रेघा’ असं म्हटलं होतं, मोठ्यानं म्हणायचं धाडस झालं नव्हतं. लोक हसले असते. आता तिला वाटत होतं, हसू दिलं असतं तर बरं होतं. माणसं हसायची तो काळ बरा होता.

विसर्जनानंतर दुसऱ्या दिवशी भगवानदादा आले. मंदिराचे अध्यक्ष, इथले जुने जमीनवाले, दोन चाळींचे मालक. सोबत त्यांची सून किर्ती, हातात बाप्पाचा उरलेला प्रसाद. भगवानदादांचा धाकटा भाऊ त्याच पुरात गेलेला. डब्यातली पहिली चिठ्ठी त्याचीच. बारा वर्षांत ती चार वेळा नव्या कागदावर उतरवली होती माधवीनं. ते खुर्चीत न बसता पाटावर बसले, हे तिला बरं वाटलं आणि भीतीही वाटली. “ताई, तुम्ही देवमाणूस. तुमच्यावर कोणाचा राग नाय,” ते म्हणाले. “तुम्ही वाचलंत, तुमचा धर्म आहे तो. पण लिवलं कोणी, ते सांगा. बस.” “चिठ्ठीवर टाकणाऱ्याचं नाव नसतं, दादा.” “अक्षर ओळखता ना तुम्ही सगळ्यांचं?” ती ओळखत होती. पहिल्याच क्षणी ओळखलं होतं, म्हणून तर घरी आल्यापासून ती चिठ्ठी तिनं पोथीच्या वेष्टनात ठेवली होती. “काश्मिरात आपली माणसं मेली, ती नावं आली का कधी डब्यात? नाय ना?” “आली. वैशाखातल्या एकादशीला वाचली. तुम्ही आला नव्हतात.” किर्तीनं सासऱ्यांकडं पाहिलं. भगवानदादांनी मान खाली घातली, लादीवरचा मोदकाचा कण बोटानं टिपला. मग ते बोलले ते वेगळ्या आवाजात. “वरून फोन येतात मला. पोरं गरम आहेत. सनी बोलतो, घराघरात जाऊन वह्या तपासू, अक्षर जुळवू. मी किती दिवस थांबवू? पुढच्या एकादशीला माईकवर कोणीतरी बोलायला पाहिजे, की चूक झाली. ज्यानं लिवलं त्यानं. नायतर डबा बंद.” “आणि तुमच्या भावाचं नाव?” हे तिनं उर्मटपणानं विचारलं नव्हतं. खरंच काळजीनं विचारलं होतं. “किर्ती वाचेल. मोबाईलवर लिस्ट करू. कमिटी बघेल आधी, मग वाचायचं,” ते म्हणाले आणि उठताना गुडघ्यावर हात देऊन जरा थांबले. “वीस वर्षं तुमच्या घरानं त्याचं नाव घेतलं, ताई. मी काय दगड आहे काय?”

दुपारी नूतन आली. ती भगवानदादांच्याच चाळीत, शेवटच्या खोलीत राहते. नवरा नाही, शिवणकाम करते, आणि मुलगा अमित दोन वर्षांपूर्वी इस्रायलला गेलेला, म्हाताऱ्या माणसांची सेवा करायच्या कामावर. दर एकादशीला त्याची चिठ्ठी असायची, अमित, वय सत्तावीस, परगावी. गोल अक्षर, निळं पेन. नूतननं दार लावून घेतलं आणि तिथंच, चपलांच्या स्टँडपाशी, खाली बसली. “काकू, तुम्हाला कळलंय ना?” “कळलंय.” “मला वाटलं देवळातल्या देवळात वाचाल नेहमीसारखं. मला कुठं माहीत वायर जोडलीय.” मग ती बोलत सुटली, हळू आवाजात, भिंतीला ऐकू जाऊ नये अशी. अमित ज्या म्हाताऱ्याला सांभाळतो त्याला तो साबा म्हणतो, म्हणजे आजोबा. त्या साबाचा नातू, योनातन, त्या ऑक्टोबरातल्या सकाळी अतिरेक्यांनी मारला. एकवीस वर्षांचा. म्हातारा महिनाभर बोलला नाही. आणि मग एका शनिवारी संध्याकाळी त्यानं अमितला चाकांची खुर्ची ढकलत चौकात न्यायला सांगितलं. तिथं काही माणसं नुसती उभी राहतात, हातात पलीकडच्या मेलेल्या पोरांचे फोटो धरून. बोलत नाहीत. “लोक थुंकतात म्हणे काकू. साबाचा स्वतःचा मुलगा, त्या योनातनचा बाप, येऊन ओरडला, माझ्या पोराला ज्यांनी मारलं त्यांची पोरं तू छातीशी धरतोस! त्या मुलाचं तरी काय चुकलं, काकू? मी असते तर मी पण ओरडले असते.” नूतननं डोळे पुसले. “अमित बोलतो, इथं पण भांडतात आई, तुमच्यासारखंच. आणि त्या साबानं त्याला विचारलं, तुमच्याकडं मेलेल्यांचं काय करता? ह्यानं सांगितलं, आमच्या काकू नावं वाचतात. तर म्हातारा बोलला, माझ्या नातवाचं वाचतील का? आणि त्याच्यासोबत ही चार. एकटं नको वाचायला, सोबत वाचा.”

माधवी तिच्यासमोर जमिनीवर बसली. गुडघे दुखत होते. बाहेर कोणाच्या तरी कारखान्यातून शिलाई मशीनचा आवाज येत होता, थांबत होता, पुन्हा येत होता. “अमितनं फोन केला काल,” नूतन म्हणाली. “विचारत होता, वाचली का नावं, लोक काय बोलले. मी सांगितलं, राम कृष्ण हरी बोलले.” “सांगितलं ते खरंच आहे,” माधवी म्हणाली. “पुढची पाठवू का, विचारतोय,” नूतन म्हणाली. “साबाला बरं वाटलं म्हणे, त्या रात्री जेवला. मी बोलले, थांब जरा, इथं डब्याचं रिपेरिंग चाललंय.” ती हसली आणि हसताना तिचं तोंड वाकडं झालं. “काकू, माझं नाव आलं तर खोली जाईल. दादा काढणार नाहीत, पण पोरं राहू देणार नाहीत. आणि हे सगळं मोबाईलवर तिकडं पोचलं, तो चौकात उभा राहतो हे त्याच्या एजन्सीला कळलं, तर दुसऱ्या दिवशी विमानात बसवतील त्याला.” “मी सांगणार नाही कोणाला.” “तेवढ्यानं नाही भागत.” नूतननं वर पाहिलं. “तुम्ही गप्प बसलात की ते शोधत राहतात. सनी काल माझ्या धाकट्या चिमीची शाळेची वही मागत होता, बघू तुझ्या आईचं अक्षर कसं आहे, म्हणून. तुम्ही म्हणा, चिठ्ठी तुमचीच होती. तुम्हाला कोणी काही करणार नाही. तुम्हाला माफ करतील.”

माधवीला सात वर्षांचा नेम होता, खोटं न बोलण्याचा. चातुर्मासात धरला होता आणि मग सुटला नाही. सुरुवातीला गंमतच व्हायची; सुयोग पाहुण्यांना सांगायचा, आमच्या आईला साडी कशी दिसते विचारू नका, ती सांगेल. भाजीवाल्यापाशी घासाघीस बंद झाली. ‘जेवलात का’ ह्या प्रश्नाला सुद्धा ती विचार करून उत्तर द्यायची. पण हळूहळू तिला कळलं होतं की ह्या नेमानं आतली एक खोली झाडून स्वच्छ राहते. बाकी घरात कितीही पसारा असो, तिथं जाऊन बसता येतं. वाचताना ती तिथं बसून वाचायची, म्हणून तर परक्याचं नावही तिच्या तोंडून घरच्यासारखं यायचं. आता हे खोटं तिथंच, त्याच सतरंजीवर, त्याच माईकमधून बोलायचं होतं. आणि नुसतं ‘माझी’ म्हणून भागणार नव्हतं. चूक झाली म्हणायचं होतं. काय चूक झाली? यूसुफ ही चूक? नऊ महिने ही चूक? जिला नावच नाही तिच्याबद्दल कशी माफी मागायची? तिनं नूतनकडं पाहिलं. नूतनच्या हाताच्या बोटांना सुया टोचून टोचून बारीक काळे ठिपके पडलेले होते. एका बाजूला जी गेली ती पाच माणसं, त्यांना आता कोणी वाचलं काय, न वाचलं काय, काही फरक पडणार नव्हता. आणि दुसऱ्या बाजूला हा एक, जो अजून जिवंत आहे, जो दर शनिवारी एका म्हाताऱ्याची खुर्ची ढकलत चौकात नेतो. देवानं असली निवड समोर ठेवू नये. पण देव ठेवत नाही, माणसंच ठेवतात, आणि देव मग कोपऱ्यात बसून बघतो, असं तिच्या मनात आलं, आणि असं मनात आल्याबद्दल तिनं कानाला हात लावला. “मी म्हणेन,” ती म्हणाली. “शब्द देते. तू जा आता. मागच्या जिन्यानं जा.”

पितृपंधरवडा लागला. एरवी ह्या दिवसांत डब्यात सगळ्यात जास्त चिठ्ठ्या पडायच्या, झाकण लागायचं नाही. ह्या वर्षी एकही पडली नाही. बायका रस्त्यात भेटल्या तर बाजारभावाचं बोलायच्या. सखू तेवढी एकदा थांबली, म्हणाली, “मला तर सगळी नावं सारखीच ऐकू येतात बाई, माझा एक कान गेलाय,” आणि मग आजूबाजूला बघून निघून गेली. माईकवर मी बोलते, एवढाच निरोप माधवीनं भगवानदादांना धाडला होता, बाकीचा अर्थ सगळ्यांनी आपापला लावला. सुयोगनं माफीचा कागद टाइप करून आणला. त्याच्या कारखान्यातही दोन तट पडले होते म्हणे. कँटीनमध्ये एकानं त्याच्यासमोरून ताट उचलून दुसऱ्या टेबलावर नेलं होतं, आणि एकानं येऊन पाठीवर थाप मारली होती, आणि दोन्हींपैकी काय जास्त वाईट होतं ते त्याला सांगता येत नव्हतं. “तूच लिहिली होतीस हे मला का नाही सांगितलंस?” त्यानं विचारलं. तिनं उत्तर दिलं नाही. गप्प राहणं हे खोटं नव्हे, असं तिनं आजवर मानलं होतं. पण मुलगा त्या गप्पपणावर विश्वास ठेवून मान हलवून निघून गेला, तेव्हा तिला कळलं की खोटं माईकपर्यंत थांबलंच नव्हतं, ते कधीच घरात आलं होतं, चपला काढून, पाय धुऊन. कागदावर तीन वाक्यं होती. ती चिठ्ठी मी स्वतः लिहिली होती. माझ्याकडून अजाणतेपणी चूक झाली. त्या नावांशी माझा काहीही संबंध नाही. तिसरं वाक्य काढता येईल का, असं तिनं विचारलं. सुयोग म्हणाला, “आई, त्या वाक्यासाठीच तर हे सगळं आहे.”

एकादशीच्या दिवशी तिनं नेहमीसारखं सगळं केलं. पहाटे स्नान, सहस्रनाम, दिवसभर पाण्यावर. दुपारी दिव्याच्या वाती वळायला बसली तर हात इतके सवयीचे की तासाभरात ढीग झाला, आणि तिला कळेना की एवढ्या वाती आता कधी आणि कशापुढं लावायच्या. साडेपाचला तिनं साधी सुती साडी नेसली. किर्तीचा फोन येऊन गेला होता: “काकू, माइक टेस्टिंग करून ठेवलंय, तुम्ही फक्त या. आणि टेन्शन नका घेऊ, दोन मिनिटांचं काम आहे.” पोरगी वाईट नव्हती. नूतनही येणार होती. न येऊन चाललं नसतं, आली नाही तर दिसलं असतं. ती कुठं बसेल, डोळे मिटून बसेल की उघडे, आणि रात्री अमितचा फोन आला तर त्याला काय सांगेल, हे माधवीनं पुन्हा पुन्हा मनात मांडून पाहिलं होतं आणि प्रत्येक वेळी शेवटी नूतन फोन उचलतच नव्हती.

जिन्यात सुयोग रिक्षा बोलावू का म्हणाला. “चालत जाते.” “सोबत येऊ?” “नको. तू ऐकू नकोस.” त्यानं पुढं होऊन तिच्या चपलेचा मागं दुमडलेला पट्टा सरळ केला. ती खाली आली. रस्त्यावर पॅन्टींचे गठ्ठे टेम्पोत चढत होते, रिक्षावाले स्टेशन, स्टेशन ओरडत होते, कोणी तिच्याकडं पाहिलं, कोणी पाहिलं नाही. जिन्यातच तिनं ती तीन वाक्यं पुटपुटून पाहिली होती आणि ती स्वच्छ आली होती, एका दमात. मंदिरापर्यंत दहा मिनिटांचं अंतर. तेवढी दहा मिनिटं ती अजून खरं बोलणारी बाई होती. म्हणून ती जरा सावकाश चालली, भिंतीच्या कडेनं, पदर सावरत. आणि मग तिकडं सतरंजीवर बसलेल्या नूतनला जास्त वेळ ताटकळायला नको म्हणून तिनं पावलं उचलली.